कर्तन-मांडणी, वर्तुळाकार भागांची

धातूचा पत्रा, लाकडी फळी, चामडे, पुठ्ठा यांसारख्या सपाट मालातून वर्तुळाकार चकत्या कापताना कमीत कमी माल वाया जावा अशा रीतीने चकत्यांच्या जागा ठरविणे, यास वर्तुळाकार भागांची कर्तन-मांडणी म्हणतात. नाणी, डब्यांची झाकणे, वायसर, भांडी, बाष्पित्रांची बुडे व यंत्रांची चाके यांचे उत्पादन अशा चकत्यांपासून सुरू होते. चौरस वा आयत एकमेकांना कडेने चिकटवून ठेवता येतात व कापणीची एक रेषा दोन भागांना उपयोगी पडते. दोन वर्तुळे मात्र एकमेकांना एकाच बिंदूत स्पर्श करतात. त्यामुळे त्यांच्यामध्ये पोकळी राहणे अटळ असते व प्रत्येक चकतीची कड स्वतंत्रपणे कापावी लागते. ही पोकळी किती कमी करता येईल, हा प्रश्न कारागिराच्या दृष्टीने जुना असला, तरी त्याचे गणितीय उत्तर मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले आणि काही उत्तरे अद्यापही मिळालेली नाहीत.

मूलभूत प्रमाणे : समान व्यासाची वर्तुळे मांडण्याच्या दोन रीती प्रमुख आहेत. पहिल्या रीतीत वर्तुळांच्या रांगा एकमेकींखाली सरळ येतात व प्रत्येक वर्तुळ चार वर्तुळांना स्पर्श करते. या चौरस मांडणीत ७८.५४ टक्के क्षेत्रफळ उपयोगात येते व २१.४६ टक्के वाया जाते. दुसऱ्या रीतीत एका रांगेतील वर्तुळे लगतच्या रांगेतील खाचांत बसविलेली असतात व प्रत्येक वर्तुळ सहा वर्तुळांना स्पर्श करते. या षट्कोणी मांडणीत ९०.६९ टक्के क्षेत्रफळ उपयोगात येते व ९.३१ टक्के वाया जाते. हे आकडे सर्व बाजूंनी अमर्याद पसरलेल्या प्रतलाचे आहेत. प्रत्यक्ष पत्र्याला कडा असतात आणि दोन चकत्यांमध्ये थोडा माल शिल्लक ठेवावा लागतो. त्यामुळे कारखान्यातील उपयोगाचे प्रमाण नेहमीच यांहून कमी असते.

नाणी व डबे : हाताने नाणी पाडण्याच्या काळात हा प्रश्न फारसा उद्‌भवत नसे. भारतातील जुन्या टाकसाळींत चांदीच्या कांबीचे तुकडे तोडून, त्यांचे वजन बरोबर करून व ठोकून गोल करून त्यांवर छाप उठवीत. तुकड्याचे वजन महत्त्वाचे, त्याचा आकार दुय्यम. या पद्धतीत कातरण जवळजवळ उरत नसे. लाटलेल्या पट्टीतून यंत्राने चकत्या पाडण्याची पद्धत यूरोपात सोळाव्या शतकापासून रूढ होऊ लागली आणि तिच्याबरोबर भोके पडलेली जाळीदार कातरण प्रत्येक टाकसाळीत साचू लागली. मॅथ्यू बोल्टन यांनी १७८८ साली बर्मिंगहॅमजवळील सोहो येथे वाफेच्या शक्तीवर चालणारी टाकसाळ उभारली. तेथील यंत्रसामग्री पुढे अन्य देशांतही गेली. १८३० च्या सुमारास कामास लागलेल्या मुंबईच्या टाकसाळीतही बोल्टन-वॉट कारखान्याची यंत्रे बसविण्यात आली. टाकसाळीतील कातरण पुन्हा वितळवून वापरता येत असल्याने धातू नष्ट होत नसे. मात्र वितळविणे, ओतणे व लाटणे हा सर्व खर्च दुसऱ्यांदा करावा लागे आणि प्रत्येक वेळी थोडी धातू जळून जाई.

नाण्याचा आकारच बदलला, तर ही तूट भूमितीच्या दृष्टीने टाळता येते. भारतात १९१८ साली दोन आण्यांचे चौरस नाणे निघाले. १९६५ पासून एक पैशाचे ॲल्युमिनियमाचे चौरस नाणे, १९६४ पासून तीन पैशांचे व १९८२ पासून वीस पैशांचे षट्कोणी नाणे प्रचारात आले. चौरस व नियमित षट्कोण यांनी प्रतल पोकळी न ठेवता भरता येते. त्यामुळे टोके गोलसर करण्यात जाणारा व चकत्यांमधील माल सोडल्यास या आकारांत कातरण राहण्याचे कारण नाही. ही सर्व नाणी आता चलनात नाहीत. पंचवीस पैसे व त्याहून कमी मूल्याची नाणी ३० जून २०११ पासून रद्द करण्यात आली.

कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्याचे एकस्व इंग्लंडमध्ये पीटर ड्यूरँड यांनी १८१० साली मिळविले. प्रारंभी डबे हाताने तयार करीत. डब्याची भिंत आयताकृती पत्र्याची असल्याने तीत नासाडी नसे. तळ व झाकण ही मात्र वर्तुळे असल्याने तोटा तेथे होई. दाबयंत्रावर झाकणे पाडण्याची रीत आल्यावर पत्र्याची कड सरळ न कापता नागमोडी कापण्याची युक्ती प्रचारात आली. षट्कोणी मांडणीत एक आड एक रांग अर्ध्या चकतीने सरकलेली असते. त्यामुळे सरळ कडेशी अर्ध्या चकतीएवढी जागा वाया जाते. कड नागमोडी कापल्यास एका पत्र्यातील पुढे आलेला भाग दुसऱ्या पत्र्याच्या खाचेत बसतो व ही जागा वाचते.

गणितीय सिद्धता : इंग्रज गणिती टॉमस हॅरियट यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस सर वॉल्टर रॅली यांच्यासाठी तोफगोळ्यांच्या राशींचा विचार केला होता. योहान केप्लर यांनी १६११ साली हिमकणाच्या षट्कोणी आकारावर लिहिलेल्या पुस्तिकेत गोलांच्या सर्वांत दाट रचनेविषयी अनुमान मांडले. प्रतलातील वर्तुळांसंबंधीचा पहिला महत्त्वाचा निष्कर्ष झोझेफ लाग्रांझ यांच्या १७७३ मधील कार्यातून मिळाला. वर्तुळांची केंद्रे नियमित जालकावर असतील, तर षट्कोणी मांडणी सर्वांत दाट असते, असे त्यावरून सिद्ध होते. पण अनियमित मांडणीत अधिक वर्तुळे बसणार नाहीत कशावरून, हा प्रश्न शिल्लक राहिला. नॉर्वेचे गणिती आक्सेल तूए यांनी १८९२ व १९१० मध्ये त्याचे उत्तर प्रसिद्ध केले, परंतु त्यांची सिद्धता अपुरी आहे असे अनेकांचे मत झाले. हंगेरियन गणिती लास्लो फेयेश टोट यांनी १९४० मध्ये दिलेली सिद्धता सामान्यतः पहिली पूर्ण सिद्धता मानली जाते.

या सिद्धतेमागील कल्पना थोडक्यात अशी सांगता येईल. प्रत्येक वर्तुळाभोवती, त्याच्या केंद्राला अन्य कोणत्याही केंद्रापेक्षा जवळ असणाऱ्या बिंदूंची एक बहुभुजाकृती खोली कल्पिता येते. संपूर्ण प्रतल अशा खोल्यांनी भरले, तर खोल्यांच्या बाजूंची सरासरी संख्या सहापेक्षा जास्त होऊ शकत नाही. वर्तुळाला बाहेरून वेढणाऱ्या सहा बाजूंच्या आकृत्यांत नियमित षट्कोणाचे क्षेत्रफळ सर्वांत कमी असते. म्हणून सरासरीने प्रत्येक वर्तुळाला किमान एका परिगत षट्कोणाएवढी जागा लागतेच. ९०.६९ टक्के ही मर्यादा येथून येते. त्रिमितीतील केप्लर यांचे अनुमान मात्र टॉमस हेल्स यांनी १९९८ साली संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले व त्या सिद्धतेची औपचारिक तपासणी २०१४ साली पूर्ण झाली.

मालफाट्टीचा प्रश्न : कापणीतून निघालेला एक प्रश्न गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. इटालियन गणिती जानफ्रांचेस्को मालफाट्टी यांनी १८०३ साली असे विचारले की, त्रिकोणी छेदाच्या संगमरवरी ठोकळ्यातून तीन वर्तुळाकार स्तंभ काढावयाचे असल्यास ते कसे काढले म्हणजे दगड कमीत कमी वाया जाईल. प्रत्येक वर्तुळ त्रिकोणाच्या दोन बाजूंना व उरलेल्या दोन वर्तुळांना स्पर्श करील अशी रचना सर्वोत्तम असणार, असे त्यांनी गृहीत धरले. अशी तीन वर्तुळे काढण्याचा प्रश्न जपानी गणिती आजिमा नाओनोबू यांनीही अठराव्या शतकात हाताळला होता. सव्वाशे वर्षे भूमितिकारांनी या रचनेच्या नवनव्या रीती शोधल्या, पण मूळ गृहीतक तपासले गेले नाही. १९३० साली लॉब व रिचमंड यांनी दाखविले की, समभुज त्रिकोणातसुद्धा ते खरे नाही. मालफाट्टींच्या रचनेत त्रिकोणाचा ७२.९ टक्के भाग उपयोगात येतो. उलट, आधी बसेल तेवढे मोठे वर्तुळ काढून उरलेल्या कोपऱ्यांत दोन लहान वर्तुळे काढल्यास ७३.९ टक्के भाग उपयोगात येतो. १९४६ साली हॉवर्ड ईव्ह्‌ज यांनी दाखविले की, लांब व निमुळत्या त्रिकोणात तीन वर्तुळे एकीपुढे एक ठेवणे पुष्कळच फायद्याचे असते. मालफाट्टींची रचना कोणत्याही त्रिकोणात सर्वोत्तम नसते, असे मायकेल गोल्डबर्ग यांनी १९६७ साली दाखविले. व्हिक्टर झालगॅलर व लोस यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात प्रश्न पूर्णपणे सोडविला. सममिती म्हणजेच काटकसर, ही समजूत किती फसवी असते, हे या इतिहासावरून दिसून येते.

पट्टी व पत्रा : दाबयंत्रावर पंच व डाय यांच्या साहाय्याने चकत्या पाडताना माल बहुधा पट्टीच्या रूपात पुढे सरकतो. पट्टीत एकच रांग असल्यास, चकत्या एकमेकींना टेकलेल्या आहेत असे धरूनही, ७८.५४ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. खाचांत बसविलेल्या दोन रांगा घेतल्यास हे प्रमाण ८४.१८, तीन घेतल्यास ८६.२४, पाच घेतल्यास ८७.९७ व दहा घेतल्यास ८९.३१ टक्के होते. म्हणजे सर्वांत मोठा लाभ दुसऱ्या रांगेने होतो व पुढच्या प्रत्येक रांगेचा लाभ घटत जातो. उलट, रांगा वाढविल्या की डाय महाग होतो आणि यंत्राची ताकद वाढवावी लागते.

चकत्यांमध्ये ठेवावयाच्या मालाचा परिणाम याहून मोठा असतो. हा माल फार अरुंद ठेवल्यास तो फाटतो, पंचाच्या कडेत अडकतो व चकतीची कड बिघडते. ५० मिमी. व्यासाच्या चकत्यांमध्ये २ मिमी. अंतर ठेवल्यास षट्कोणी मांडणीतील सर्वाधिक उपयोग ९०.६९ वरून सु. ८३.८ टक्क्यांवर येतो. २० मिमी. व्यासाच्या चकत्यांत तेच अंतर ठेवल्यास तो सु. ७५ टक्के राहतो. लहान चकत्यांच्या उत्पादनात नासाडी अधिक का होते, याचे हे एक कारण आहे.

ठराविक मापाच्या पत्र्यात कडांचा प्रभाव किती असतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. २,५०० मिमी. लांब व १,२५० मिमी. रुंद पत्र्यातून, मधले अंतर धरून २०० मिमी. व्यासाची जागा घेणाऱ्या चकत्या काढावयाच्या आहेत. चौरस मांडणीत १२ चकत्यांच्या ६ रांगा, म्हणजे ७२ चकत्या मिळतात. षट्कोणी मांडणीत रांगा लांबीच्या दिशेने घेतल्यास १२ चकत्यांच्या ७ रांगा, म्हणजे ८४ चकत्या मिळतात. त्याच रांगा रुंदीच्या दिशेने घेतल्यास ६ व ५ चकत्यांच्या आळीपाळीने १४ रांगा बसून ७७ चकत्या मिळतात. आता पत्र्याची रुंदी केवळ ५० मिमी. ने कमी करून १,२०० मिमी. केली, तर लांबीच्या दिशेची सातवी रांग बसत नाही व चौरस मांडणीइतक्याच ७२ चकत्या मिळतात. मात्र रुंदीच्या दिशेच्या रांगांनी पूर्वीप्रमाणेच ७७ चकत्या निघतात. यावरून पत्र्याचे माप, रांगांची दिशा व चकतीचा व्यास यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय मांडणी ठरविता येत नाही, हे लक्षात येते.

मर्यादित जागेतील मांडणीचे गणित फार अवघड आहे. चौरसात समान वर्तुळे बसविण्याच्या प्रश्नात ८ व ९ वर्तुळांसाठीच्या सिद्धता १९६५ साली मिळाल्या. १० वर्तुळांसाठी १९७० पासून एकामागून एक अधिक चांगल्या मांडण्या सुचविल्या गेल्या आणि अंतिम सिद्धता १९९० साली संगणकाच्या मदतीने झाली. ३६ वर्तुळांपर्यंत ६ × ६ ही साधी चौरस मांडणी सर्वोत्तम ठरते, परंतु ४९ वर्तुळांसाठी ७ × ७ या मांडणीपेक्षा सरस अशी अनियमित मांडणी नुर्मेला व ओस्टरगार्ड यांना १९९७ साली सापडली.

नियोजनाचे गणित : कारखान्यात बहुधा एकाच मापाची चकती लागत नाही. वेगवेगळ्या मापांच्या ठराविक संख्येच्या चकत्या उपलब्ध पत्र्यांतून काढावयाच्या असतात. या प्रश्नाला गणिती रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने रशियन गणिती लिओनीद कँटोरोव्हिच (१९१२–८६) यांना दिले जाते. लेनिनग्राडच्या प्लायवुड उद्योगाने विचारलेल्या प्रश्नातून त्यांचे या विषयाकडे लक्ष गेले. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तिकेत उत्पादनाच्या नियोजनाबरोबर मालाच्या काटकसरीच्या कापणीचाही विचार होता. या गणिताला पुढे रेषीय कार्यक्रमण हे नाव मिळाले. कँटोरोव्हिच व झालगॅलर यांनी औद्योगिक मालाच्या कापणीवर लिहिलेले पुस्तक १९५१ साली लेनिनग्राड येथे प्रसिद्ध झाले. मालफाट्टीचा प्रश्न चार दशकांनंतर सोडविणारे झालगॅलर ते हेच.

युद्धोत्तर काळात या पद्धतीचा प्रयोग लेनिनग्राडच्या एगोरोव्ह रेल्वे-डबे कारखान्यात करण्यात आला. नासाडी घटली, पण त्यामुळे कारखान्याकडून पोलाद गिरण्यांना द्यावयाच्या मोडीचे ठरलेले उद्दिष्ट पुरे होईना व त्याबद्दल विचारणा झाली, असे कँटोरोव्हिच यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. एका खात्याची नासाडी हा दुसऱ्या खात्याचा कच्चा माल असल्यास काटकसरही अडचणीची ठरू शकते, हे या प्रसंगावरून दिसते. कँटोरोव्हिच यांना १९७५ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यालिंग कोपमन्स यांच्यासमवेत मिळाले.

अमेरिकेत जॉर्ज डँट्‌झिग यांनी १९४७ साली रेषीय कार्यक्रमणाची व्यवहार्य रीत शोधून काढली. तरीही कापणीच्या प्रश्नात एक अडचण होती. एका पत्र्यातून निरनिराळे भाग काढण्याचे संभाव्य नमुने लाखोंच्या घरात जातात व ते सर्व आधी लिहून काढणे शक्य नसते. आयबीएम कंपनीतील गिलमोर व गोमोरी यांनी १९६१ व १९६३ मधील निबंधांत यावर तोडगा काढला. थोड्या नमुन्यांपासून आरंभ करावयाचा, त्यांवरून प्रत्येक भागाचे मूल्य ठरवावयाचे आणि त्या मूल्यांनुसार अधिक किफायतशीर असा नवा नमुना सापडतो काय ते पाहावयाचे. असा नमुना सापडेनासा झाला की काम संपते. मोठ्या कागदी गुंडाळ्यांतून लहान रुंदीच्या गुंडाळ्या कापण्यासारख्या कामांत ही रीत विशेष उपयोगी पडली. वर्तुळांच्या बाबतीत मात्र नवा नमुना शोधणे हेच अवघड काम ठरते. फाउलर, पॅटरसन व तानिमोटो यांनी १९८१ साली दाखविले की, प्रतलातील अशा मांडणीचे प्रश्न गणनदृष्ट्या अत्यंत कठीण वर्गात मोडतात. त्यामुळे व्यवहारात सर्वोत्तम मांडणीऐवजी, थोड्या वेळात मिळणाऱ्या पुरेशा चांगल्या मांडणीवर समाधान मानावे लागते.

निरनिराळ्या मापांची वर्तुळे एकत्र आली की जुने निष्कर्षही बदलतात. २०० मिमी. व्यासाच्या चकत्या षट्कोणी मांडणीत ठेवल्यास मधल्या पोकळीत सु. ३१ मिमी. व्यासाची चकती बसते. चौरस मांडणीत मात्र सु. ८३ मिमी. व्यासाची बसते. पोकळ्या भरल्यास एकूण उपयोग अनुक्रमे ९५.० व ९२.० टक्के होतो. कारखान्याला ८० मिमी. व्यासाच्या चकत्यांचीही गरज असेल, तर एरवी उधळी समजली जाणारी चौरस मांडणी अधिक किफायतशीर ठरू शकते.

नवी साधने : पंच व डाय यांनी मांडणी एकदा ठरली की ती बदलणे खर्चाचे असते. १९५२ साली मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत अंकीय नियंत्रणाने चालणारे यंत्र दाखविण्यात आले. बारामती येथे जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले सी. कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ साली कार्बन डाय-ऑक्साइड लेसरचा शोध लावला. १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर हौल्डक्रॉफ्ट यांनी ऑक्सिजनाच्या झोताची जोड देऊन अशा लेसरने पोलाद कापले. या दोन साधनांच्या संयोगाने प्रत्येक पत्र्यासाठी निराळी मांडणी करणे, तसेच आधीच्या कामातून उरलेल्या वेड्यावाकड्या तुकड्यांतूनही चकत्या काढणे शक्य झाले. मोठ्या संख्येच्या उत्पादनात मात्र दाबयंत्रच स्वस्त पडते. पेयांच्या ॲल्युमिनियम डब्यासाठी रुंद गुंडाळीतून सु. १४ सेंमी. व्यासाच्या चकत्या एकाच आघातात अनेक अशा पाडतात आणि यात सु. १२ ते १४ टक्के पत्रा कातरण म्हणून उरतो.

भांड्यांच्या धंद्यात तांबे, पितळ व ॲल्युमिनियम यांच्या तयार चकत्या ‘सर्कल’ या नावाने विकल्या जातात. भांडे बनविणारा त्या वजनावर घेतो व कातरण गिरणीतच राहून पुन्हा भट्टीत जाते. ओढून केलेल्या भांड्यासाठी किती व्यासाची चकती लागेल, हे भांड्याच्या पृष्ठफळावरून काढतात. २०० मिमी. व्यासाच्या व १०० मिमी. उंचीच्या सरळ भांड्यास, पत्र्याची जाडी कायम राहते असे धरल्यास, सु. ३४६ मिमी. व्यासाची चकती लागते. चकतीचा व्यास थोडा कमी करता आला, तरी प्रत्येक पत्र्यावर एखादी जादा रांग बसू शकते. म्हणून मांडणीचा विचार वस्तूच्या आराखड्यापासूनच करणे इष्ट असते.

एकाच व्यासाच्या चकत्या सपाट पत्र्यातून काढावयाच्या असल्यास ९.३१ टक्के ही किमान नासाडी कोणत्याही यंत्राने किंवा संगणकाने टळणारी नाही. तिच्यापुढे जाण्याचे मार्ग निराळे आहेत. मोठ्या वायसरच्या मध्यातून निघालेल्या चकतीतून लहान वायसर पाडणे, मोठी कडी पत्र्यातून न कापता पट्टी वाकवून व जोडून तयार करणे आणि कातरण धातूनुसार वेगळी ठेवून तिचे मूल्य टिकविणे, हे त्यांपैकी काही होत.